उपास शहराचा, बिल मात्र मॅकनॅबच्या नावावर

फेब्रुवारी २०२५ मधली ती रविवारची रात्र. न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या वर्षाच्या अंतिम सामन्यात, फिलाडेल्फियाच्या ईगल्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना ४०–२२ असं धुतलं होतं, आणि आम्ही पंधरावीस मराठी माणसं दक्षिण न्यू जर्सीतल्या एका मित्राच्या बेसमेंटमध्ये पावभाजीच्या ताटल्या बाजूला सारून ओरडत होतो. फिलाडेल्फिया इथून नदीपलीकडे. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न थांबत नव्हते. मित्राचा एकवीस वर्षांचा मुलगा जेलन हर्ट्सची जर्सी घालून बसला होता. तो म्हणाला, "काका, फायनली आपल्याला खरा क्वार्टरबॅक मिळाला." मी म्हटलं, "अरे, आधीही होता. मॅकनॅब." त्यानं एका वाक्यात निकाल लावला, "तो? तो तर सुपर बोलमध्ये ओकला होता ना?"

२००५ चा तो सामना झाला तेव्हा हा मुलगा वर्षाचा होता. डोनोवन मॅकनॅबचा एकही पास त्यानं खेळ चालू असताना पाहिलेला नाही. ईगल्सकडच्या अकरा हंगामांच्या कारकिर्दीतून त्याच्यापर्यंत पोचली ती एवढी एक कुजबुज. तीसुद्धा धड सिद्ध झालेली नाही: सहकारी खेळाडूंनी वेगवेगळं सांगितलं, मॅकनॅबनं स्वतः ती नेहमी नाकारली. मला त्या मुलाचा राग आला नाही. राग आला तो ज्यांनी ही गोष्ट त्याच्या कानावर घातली त्यांचा, म्हणजे माझ्याच पिढीचा.

मॅकनॅब थोर की अपुरा, हा वाद या शहरात वीस वर्षं चालू आहे. माझी बाजू सरळ सांगतो. फिलाडेल्फियानं आपल्या कित्येक वर्षांच्या उपासाचं बिल या एका माणसाच्या नावावर फाडलं. आता दोन सुपर बोल जिंकून पोट भरल्यावर तरी ते बिल पुन्हा तपासायला हवं.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी थोडं. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. चेंडू कुणाला फेकायचा, स्वतः पळायचं की दुसऱ्याच्या हातात द्यायचा, हे त्यानं दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, तेही अंगावर धावून येणारे सव्वाशे-दीडशे किलोचे गडी चुकवत. म्हणून जिंकलं की श्रेय त्याचं आणि हरलं की खापरही त्याच्याच डोक्यावर. क्रिकेटमधल्या कप्तानाचंही असं होतं, पण कप्तान प्रत्येक चेंडू स्वतः खेळत नाही.

मॅकनॅबच्या बाबतीत खापर फोडायला सुरुवात झाली ती तो एकही चेंडू खेळण्यापूर्वी. १७ एप्रिल १९९९, न्यू यॉर्कमधलं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. त्या दिवशी ड्राफ्ट होता, म्हणजे कॉलेजमधून आलेले खेळाडू संघांनी निवडून घेण्याचा दिवस. आधीच्या हंगामात १६ पैकी १३ सामने हरलेल्या ईगल्सना दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली होती. शहराला हवा होता टेक्सासचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, रिकी विल्यम्स. फिलाडेल्फियाचे महापौर एड रेंडेल यांनीही त्याच्यासाठी जोर लावला होता. एका स्थानिक क्रीडा रेडिओच्या सूत्रसंचालकानं तीसेक चाहत्यांना बसमध्ये घालून न्यू यॉर्कला नेलं होतं. नवे कोच अँडी रीड यांनी निवडला सिराक्यूज विद्यापीठाचा मॅकनॅब. मूळ शिकागोचा हा पोरगा आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणी सूट घालून व्यासपीठावर आला, आणि त्याच्याच नव्या शहराच्या माणसांनी "बू" करून त्याचं स्वागत केलं.

पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या कोचनं त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी देऊन टाकल्या आणि हंगाम संपल्यावर स्वतःची नोकरी गमावली. पहिल्या पाचांत मॅकनॅबच्या पुढंमागं निवडलेले दोन क्वार्टरबॅक, टिम काउच आणि अकिली स्मिथ, काही वर्षांतच विस्मरणात गेले. रीड यांची निवड अचूक होती. तरी ती "बू" हवेत राहिली ती राहिलीच. आपलं चुकलं हे शहरानं कधी नीट कबूल केलं नाही, आणि मॅकनॅबही ते कधी विसरला नाही.

या शहराचा उपास किती जुना होता, तेही सांगतो. ईगल्सनी शेवटचं अजिंक्यपद जिंकलं होतं १९६० मध्ये, सुपर बोल नावाची गोष्ट जन्मायच्या आधी. १९८० मध्ये बेसबॉलच्या फिलीजनी आणि १९८३ मध्ये बास्केटबॉलच्या सिक्सर्सनी शहराला मिरवणूक दिली. त्यानंतर चारही मोठ्या खेळांत मिळून पंचवीस वर्षं काही नाही. २००८ मध्ये फिलीज पुन्हा जिंकले तेव्हा कुठं तो दुष्काळ संपला. मॅकनॅब आला १९९९ मध्ये, गेला २०१० मध्ये. त्या दुष्काळाची शेवटची, सगळ्यात कोरडी वर्षं त्याच्या वाट्याला आली. त्यात ईगल्स दरवर्षी दारापर्यंत पोचत होते, म्हणून आस वाढत होती आणि आशा मोडल्यावरचा संतापही. जो संघ नोव्हेंबरमध्येच बाद होतो त्याच्या क्वार्टरबॅकला लोक शिव्या देतात आणि विसरून जातात. जानेवारीच्या शेवटी एक पायरी राहिली असताना हरणाऱ्याला माफी नसते.

आता आकडे. ईगल्ससाठी सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत मॅकनॅबनं ९२ जिंकले, ४९ हरले, एक बरोबरीत सुटला. ३२,८७३ यार्डांचे पास, २१६ टचडाउन पास, म्हणजे गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवून देणारे, आणि फक्त १०० इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेले पास. विजय, यार्ड आणि टचडाउन पास या तिन्हींत तो संघाच्या इतिहासात आजही पहिला आहे. २००४ च्या हंगामात त्यानं ३१ टचडाउन पास दिले आणि केवळ ८ इंटरसेप्शन. एका हंगामात तीसच्या वर टचडाउन आणि दहाच्या आत इंटरसेप्शन हे त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. हे विरोधकही नाकारत नाहीत. ते म्हणतात, "आकडे ठेवा बाजूला, मोठे सामने सांगा."

सांगू या. विरोधकांचा हाच मुद्दा सगळ्यात भक्कम आहे. पाच वेळा मॅकनॅबनं संघाला एनएफसी अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत, म्हणजे सुपर बोलच्या उंबरठ्यापर्यंत नेलं. त्यांपैकी चार वेळा तो हरला.

पहिली हार सेंट लुइसमध्ये, २९–२४. बलाढ्य रॅम्सविरुद्ध त्यांच्याच घरी झालेल्या त्या हारीचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. दुसरी, जानेवारी २००३ ची, मात्र हाडात जाऊन बसली. व्हेटरन्स स्टेडियममधला ईगल्सचा तो शेवटचा सामना, थंडी मरणाची, समोर थंडीत न जिंकणारा म्हणून ओळखला जाणारा टँपा बे. सगळं शहर आदल्या रात्रीच सुपर बोलला पोचलं होतं. शेवटच्या मिनिटांत ईगल्स गोलरेषेजवळ आले असताना मॅकनॅबचा पास रॉन्डे बार्बरनं मधेच झेलला आणि ९२ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. २७–१०. बार्बर पळत होता तेव्हा पसरलेली शांतता मी त्यानंतर कुठल्याही मैदानावर अनुभवलेली नाही. तो पास वाईटच होता. मॅकनॅबच्या बाजूनं बोलणाऱ्यानं हे लपवू नये. तिसरी हार पुढच्याच वर्षी कॅरोलायनाकडून, पुन्हा घरी, १४–३. त्यात रिकी मॅनिंग या एकाच बचावपटूनं त्याचे तीन पास पळवले. मॅकनॅबच्या बरगड्यांना मार बसला होता आणि त्याला सामना पूर्ण करता आला नाही, हे खरं. पण दुखापतीआधीही ईगल्सचं आक्रमण चाललेलं नव्हतं.

पण चौथी हार लोक याच माळेत ओवतात, ते मला मुळीच मान्य नाही. जानेवारी २००९, ॲरिझोना. मध्यांतराला ईगल्स ६–२४ असे मागं. दुसऱ्या अर्धात मॅकनॅबनं तीन टचडाउन पास देऊन संघाला २५–२४ असं पुढं आणलं. मग त्यांचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर चेंडू घेऊन आला आणि त्यानं ईगल्सच्या बचावफळीतून ७२ यार्डांची वाट काढून सामना नेला. ३२–२५. क्वार्टरबॅकनं अठरा गुणांची पिछाडी भरून काढली, बचावफळीला एक गुणाची आघाडी टिकवता आली नाही. तरीही हिशेबाच्या वहीत नाव कुणाचं? मॅकनॅबचं.

इथं मला ब्रायन डॉकिन्सची आठवण काढावीशी वाटते. हा ईगल्सचा सेफ्टी, बचावफळीचा प्राण. शहराचा लाडका, २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि तो मान त्याचा हक्काचाच. पण खेळाडू म्हणून डॉकिन्सनंही सुपर बोल कधी जिंकला नाही. बार्बर पळाला त्या दिवशी डॉकिन्स त्याच मैदानावर होता, कॅरोलायनाविरुद्ध होता, ॲरिझोनाच्या त्या शेवटच्या चढाईतही होता. "डॉकिन्सला मोठे सामने जिंकता आले नाहीत" असं म्हणताना मी आजवर एकाही माणसाला ऐकलेलं नाही. त्याच हारी, तीच वर्षं, आणि मापं दोन. अर्धं कारण जागेचं: क्वार्टरबॅकवर जास्त भार असतो, हे मान्य. उरलेलं अर्धं कारण स्वभावाचं आहे. डॉकिन्स मैदानावर रांगत यायचा, गर्जना करायचा, हरल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी दिसायचं. मॅकनॅब हसायचा. चुकलेल्या पासनंतरही हसायचा. फिलाडेल्फिया हे कष्टकऱ्यांचं शहर आहे. आपल्या माणसानं आपल्याएवढंच दुःख दाखवावं अशी त्याची अपेक्षा असते. जानेवारी २०१० मध्ये डॅलसमधल्या प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, सामन्याआधी मॅकनॅब बोगद्यातून येताना हातात नसलेली गिटार वाजवत नाचला आणि ईगल्स ३४–१४ असे हरले, तेव्हा लोकांनी ते मनात कोरून ठेवलं. मलाही ते आवडलं नव्हतं. पण हसऱ्या माणसाला दुःख झालंच नाही, असं समजणं हा आपल्या नजरेचा दोष आहे.

त्याच्या हाताशी काय होतं, तेही पाहिलं पाहिजे. पहिली पाच वर्षं त्याचे मुख्य रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, होते टॉड पिंकस्टन, जेम्स थ्रॅश यांच्यासारखे. प्रामाणिक खेळाडू, पण दुसऱ्या बऱ्याच संघांत ते बाकावर बसले असते. २००१ च्या ड्राफ्टमध्ये ईगल्सनी पंचविसाव्या क्रमांकावर फ्रेडी मिचेलला घेतलं. पाच क्रमांकांनंतर इंडियानापोलिसनं रेजी वेनला घेतलं आणि त्यांच्या क्वार्टरबॅकला, पेटन मॅनिंगला, पुढची दहा वर्षं त्याचा आधार मिळाला. मिचेलनं जानेवारी २००४ मध्ये ग्रीन बेविरुद्ध चौथ्या प्रयत्नात २६ यार्ड हवे असताना जो झेल घेतला, तो या शहराच्या दंतकथांपैकी एक. फेकणारा मात्र त्या दंतकथेतून गळून गेलाय.

शेवटी एकदाचा खराखुरा रिसीव्हर मिळाला, टेरेल ओवेन्स, २००४ मध्ये. आणि त्याच वर्षी ईगल्स चोवीस वर्षांनी सुपर बोलला गेले. यापेक्षा स्पष्ट पुरावा मी कुठून आणू?

६ फेब्रुवारी २००५, जॅक्सनविल, समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स. सगळा वाद अखेर या रात्रीपाशी येऊन थांबतो, म्हणून थोडं सावकाश जाऊ. चौथ्या क्वार्टरमध्ये ईगल्स १४–२४ असे मागं, घड्याळात ५ मिनिटं ४० सेकंद. दोनदा गुण मिळवायचे होते, म्हणजे घाई हवी. पण ईगल्सचे खेळाडू प्रत्येक चालीनंतर चालत चालत एकत्र येत होते, जणू पहिलाच क्वार्टर चालू आहे. जवळजवळ चार मिनिटं त्या चढाईनं खाल्ली. शेवटी मॅकनॅबनं ग्रेग लुइसला ३० यार्डांचा सुंदर टचडाउन पास दिला, पण तोवर १ मिनिट ४८ सेकंद उरले होते. पुन्हा चेंडू मिळाला तो स्वतःच्याच गोलरेषेजवळ, ४६ सेकंद असताना, आणि शेवटचा पास रॉडनी हॅरिसनच्या हातात गेला. २४–२१.

मॅकनॅब त्या रात्री दमलेला दिसत होता, हे मी मान्य करतो. त्याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी पळवले. पण त्याच रात्री त्यानं ५१ पैकी ३० पास पूर्ण केले, ३५७ यार्ड, तीन टचडाउन. घड्याळाची जबाबदारी एकट्या क्वार्टरबॅकची नसते. चाली बाजूरेषेवरून कोच पाठवतो. रीड यांच्या घड्याळ सांभाळण्याबद्दल फिलाडेल्फियात पुढंही आठ वर्षं बोंब होत राहिली. नंतर तेच रीड कॅन्सस सिटीला गेले, तीन सुपर बोल जिंकले, आणि इथले लोक आज त्यांच्याबद्दल आदरानं बोलतात. कोचला माफी मिळाली. त्याच्या निरोपावर खेळणाऱ्याला नाही.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत ओवेन्सनं जाहीरपणे सुचवलं की सुपर बोलमध्ये दमलेला तो नव्हता. पाय मोडल्यावर सात आठवड्यांत परत येऊन त्यानं त्या सामन्यात १२२ यार्ड काढले होते, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आलं. त्या एका टोमण्यानं संघ फुटला आणि शहरही फुटलं. माझ्या ओळखीत दोन सख्खे भाऊ आहेत, एक ओवेन्सच्या बाजूचा, दुसरा मॅकनॅबच्या. अजून जेवणाच्या टेबलावर हा विषय ते टाळतात.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल आपण मराठी मंडळी या देशात जरा कमीच बोलतो. सप्टेंबर २००३ मध्ये रश लिंबॉ या उजव्या विचारांच्या रेडिओ वक्त्यानं ईएसपीएनवर म्हटलं की मॅकनॅब तेवढा चांगला नाही, कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक यशस्वी व्हावा अशी माध्यमांची इच्छा असल्यानं त्याचं कौतुक होतं. काही दिवसांत लिंबॉला ते काम सोडावं लागलं. दोन वर्षांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीच्या स्थानिक शाखेच्या प्रमुखानं उलट बाजूनं टीका केली: मॅकनॅबनं पळणं सोडून नुसतं पास देणं धरलंय, आणि त्यामुळं तो सामान्य झालाय. एकाला तो काळा म्हणून फुगवलेला वाटला, दुसऱ्याला पुरेसा काळ्या क्वार्टरबॅकसारखा खेळत नाही असं वाटलं. तेव्हा त्या बिचाऱ्यानं खेळायचं तरी कसं? सुपर बोलमध्ये सुरुवातीपासून खेळलेला तो फक्त तिसरा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये हर्ट्स आणि कॅन्सस सिटीचा पॅट्रिक माहोम्स समोरासमोर आले, तेव्हा पहिल्यांदा दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक होते. आज हर्ट्स पळतो तेव्हा कुणी त्याच्या वंशाचा हिशेब मांडत नाही. ती मोकळीक आपोआप आलेली नाही.

मॅकनॅबमध्ये दोष नव्हते असं मी म्हणत नाही. सोपे पास तो रिसीव्हरच्या पायांशी फेकायचा, आणि ते पाहताना जीव तुटायचा. २००८ मध्ये सिनसिनाटीशी १३–१३ अशी बरोबरी झाल्यावर तो म्हणाला की सामना बरोबरीत सुटू शकतो हे आपल्याला माहीतच नव्हतं. दहा वर्षं खेळलेल्या माणसाला हे शोभलं नाही. २०१० मध्ये त्याला वॉशिंग्टनला दिल्यावर तिथं आणि नंतर मिनेसोटात त्याला बाकावर बसवलं गेलं. ईगल्सनी त्याला योग्य वेळी सोडलं, हे तेव्हा मला पटलं नव्हतं, आता पटतं. निवृत्तीनंतर दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याला दोनदा अटक झाली. ते वेगळ्या वहीतलं खातं आहे आणि तिथं त्याला सूट देण्याचं कारण नाही.

स्टेडियमबाहेर आज निक फोल्स आणि कोच डग पीडरसन यांचा पुतळा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये बदली म्हणून आलेल्या फोल्सनं पेट्रियट्सना ४१–३३ असं हरवून शहराला पहिला सुपर बोल दिला. त्या रात्री मीही रस्त्यावर रडलो, आणि तो पुतळा तिथंच असावा. पण गंमत बघा, हाच पीडरसन १९९९ मध्ये ईगल्सचा क्वार्टरबॅक होता, आणि नोव्हेंबरमध्ये त्याची जागा ज्यानं घेतली तो मॅकनॅब. फोल्सनं एक विलक्षण महिना दिला. मॅकनॅबनं त्याआधीची अशी दहा वर्षं दिली, ज्यांत आमच्यासारखे नवे आलेले लोक ईगल्सचे झाले. १९९८ साली या संघाकडे ढुंकून बघावं असं काही नव्हतं. दुकानात अनोळखी माणसानं "गो बर्ड्स" म्हणावं आणि आपणही म्हणावं, ही सवय मला मॅकनॅबच्या जानेवारी महिन्यांनी लावली.

शहराला हे आतून कळतं, याचा पुरावा मी पाहिलाय. ३ ऑक्टोबर २०१० ला तो वॉशिंग्टनच्या जर्सीत परत आला. नाव पुकारलं तेव्हा मैदान उभं राहिलं आणि टाळ्या वाजल्या. तीन वर्षांनी त्याचा पाच नंबर संघानं कायमचा निवृत्त केला. मग चारचौघांत बोलताना पुन्हा तीच कुजबुज का?

बेसमेंटमधल्या त्या रात्री सगळे गेल्यावर मी मित्राच्या मुलाला फोनवर एक जुना सामना लावून दिला. १७ नोव्हेंबर २००२, ॲरिझोनाविरुद्ध. तिसऱ्याच चालीत मॅकनॅबच्या घोट्याला मार बसतो. नंतर तो पट्टी बांधून येतो आणि खेळत राहतो. २५ पैकी २० पास, चार टचडाउन. पोरगा थोडा वेळ गप्प बघत होता. मग म्हणाला, "काका, हा लंगडतोय." मी म्हटलं, "हो. मुरगळलाय असं वाटलं होतं सगळ्यांना. एक्स-रे सामन्यानंतर काढला. हाड मोडलं होतं." त्यानं व्हिडिओ मागं नेला आणि तो पास पुन्हा पाहिला.